गोष्टीतली ती एका पानात बरी झाली

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही, त्याची आधीच माफी मागते. गावाकडे चौथीपर्यंत शिकले, तेवढंच. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच तर हसू नये.

लग्न होऊन मी तेलुगू मुलखातल्या शहरात, मलकपेठला आले. हे एका ऑफिसात शिपाई आहेत. घरात आम्ही दोघं आणि धाकटी ननंद. ती नारायणगुड्याला कपड्याच्या दुकानात कामाला जाते. तिची शाळा तेलुगूत झाली, त्यामुळे मराठी बोलते पण वाचताना अडखळते.

आठव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रडूही येत नव्हतं. भात करपल्याचा वास घरभर पसरायचा आणि मी तिथंच असायची.

एके दिवशी ननंदेनं शेजारच्या पुण्याच्या बाईंकडून एक प्रेमाची कादंबरी आणली. म्हणाली, "वहिनी, तुम्ही वाचा, मी ऐकते. जोडाक्षर आलं की माझं डोकं फिरतं."

मला उठवून बसवायचा तो बहाणा होता, हे तेव्हा कळलं नाही. मी रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचू लागले. त्यातली बाई माझ्यासारखीच पडून असायची. केस विंचरायला हात उचलायचा नाही तिचा. मला वाटलं, हे कुणाला कसं ठाऊक? पुढं तिचा नवरा मोगऱ्याचा गजरा घेऊन येतो, तिला जवळ घेतो आणि म्हणतो, "माझ्यासाठी तुला हसावंच लागेल." पान उलटलं तर बाई बागेत हसत पळतेय.

"हौ? एवढ्यात बरी झाली?" ननंद म्हणाली.

पलीकडे हे शर्टाला इस्त्री करत होते. त्यांचंही लक्ष इकडंच होतं.

रविवारी यांनी नवी साडी आणि गजरा आणला. मला रिक्षानं तलावावर नेलं. हे मुळात अबोल. बाकावर बसून, पाण्याकडे बघत, हळूच म्हणाले, "माझ्यासाठी तुला हसावंच लागेल."

पाठ केलं होतं त्यांनी. मला त्यांची इतकी माया आली, पण ती कुठं तरी आतच राहिली. ओठ हललेच नाहीत. हे वाट बघत राहिले. मग म्हणाले, "माझं प्रेम कमी पडलं का गं?"

मी पदर सावरून रिक्षाकडे चालू लागले.

त्या दिवसापासून हे दाराशी अंथरूण टाकू लागले. जेवताना माझ्याकडे बघत नसत. मला हे नकोसे झालेत, असं त्यांना वाटत होतं. आणि मला वाटायचं, पुस्तकातली बाई बरी झाली, मी नाही, म्हणजे माझ्याच मनात प्रेम नसणार. इतका भला माणूस, आणि मी अशी दगड.

शेवटी ननंदच भावावर ओरडली. "दादा, ती रुसली नाही रे, आजारी आहे!" आम्हा दोघांना तिनं डॉक्टरीण बाईंकडे नेलं. यांनी मान खाली घालून गजऱ्याचं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "टायफाइड हुआ तो गले लगाके उतारते क्या मियाँ? ये भी बीमारी हैच. टाइम लगता."

हे खूप दिवसांनी थोडंसं हसले. मी नाही.

गोळ्या महाग होत्या, बाईंशी बोलायला बसायची फी वेगळी. पुस्तकात हे कुठंच नव्हतं. ननंदेनं स्वतःच्या लग्नासाठी साठवलेले पैसे काढले. "माझं लग्न काय पळून चाललंय?" म्हणाली.

बागेत पळायचा दिवस काही आला नाही. कधी उठून अंघोळ करायची, कधी तेही नाही. यांनी पुन्हा तसलं वाक्य म्हटलं नाही. कामावरून आले की माझ्याशेजारी बसून कोथिंबीर निवडायचे. कशाचीच चव कळायची नाही, समोर येईल ते मी खायची. एका संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, "वरणात मीठ जास्त झालंय."

यांनी ताट खाली ठेवलं. "ऐकलंस का? मीठ जास्त झालं म्हणते!" बहिणीला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं ओरडले ते. त्या रात्री यांचं अंथरूण दाराशी नव्हतं.

बाळाचं दुःख गेलेलं नाही. तो महिना आला की मी अजून एक-दोन दिवस भिंतीकडे वळते. हे मला वळू देतात. मग उठते.

पुढं मी नोकरीवाल्यांच्या घरी ज्वारीच्या भाकरी करून द्यायला लागले. त्यातून आणि यांच्या पगारातून ननंदेचे पैसे थोडे थोडे फेडत गेलो. तिचं लग्न ठरलं, तेव्हा भांडी घ्यायला आम्ही दोघी बेगम बाजारात गेलो. दुकानातच मी उरलेले पैसे तिच्या हातावर ठेवले.

"नक्को वहिनी."

"घे गं. एवढेच राहिले होते."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, आणि पैसे पर्समध्ये ठेवले. सगळे फिटले.