वेणूच्या नावापुढची लाल खूण

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. बुटीबोरीच्या एका कापड मिलमध्ये मी मेंटेनन्सला आहे आणि खोटे अलार्म बंद करण्यातच माझा दिवस जातो. मशीन बोंबललं की कारण सापडतंच... सेन्सरवर धूळ, नाहीतर सैल वायर. तेव्हा भीती वाटली म्हणून हे लिहीत नाहीये. रागानं लिहितोय.

आजोबांचं उमरेडचं घर काका विकायला निघाले होते. बाबा वारलेत, म्हणून माझी सही हवी होती. त्या निमित्तानं मी नागपूरला घरी लॅपटॉपवर वंशावळीचं सॉफ्टवेअर टाकलं. आजोबांच्या मुलांची नावं काकांनीच फोनवर सांगितली — बाबा, ते स्वतः, आणि काटोलची आत्या, शालिनी. आत्याचं येणं-जाणं कधीचंच तुटलेलं. आम्ही पोरं तिला नुसतं 'काटोलची आत्या' म्हणायचो.

मग बाबांच्या फाइलीत आजोबांच्या मृत्युपत्राची झेरॉक्स सापडली. 'पुढची, हातमागाची खोली माझी मुलगी वेणू हिला.' सॉफ्टवेअरमध्ये मृत्युपत्र नोंदवायचं तर त्यातला प्रत्येक माणूस वंशावळीत टाकावा लागतो. ही वेणू कोण? काकांना विचारलं.

"लहानपणीच गेली गा ते. दीड वर्षाची होती. म्हाताऱ्याचं डोकं शेवटी ठिकाणावर नव्हतं, लिहून देलं काहीबाही."

काकांनी सांगितलेली जन्म-मृत्यूची सालं घालून मी वेणू टाकली. लगेच लाल खूण आली — 'वेणू आणि शालिनी एकच व्यक्ती असू शकतात.'

मला हसू आलं. नाव वेगळं, जन्मसाल वेगळं, त्यात एक मेलेली. 'चूक नाही' दाबलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येऊन बघतो तर खूण परत! पुन्हा दाबलं, पुन्हा आली. सेटिंगमध्ये जाऊन ती तपासणीच बंद केली, तरी आली. चौथ्या दिवशी तर वेणूचं मृत्युसालच कोरं. लॅपटॉपला पासवर्ड, बायको माहेरी, घरात मी एकटा. सॉफ्टवेअरवाल्यांना मेल केला. त्यांचं उत्तर — प्रोग्राम फक्त नावं आणि तारखा जुळवतो, तुमच्या नोंदींत जुळण्यासारखं काही नाही, अशी सूचना येऊच शकत नाही.

डोकं फिरलं. पुन्हा काकांना फोन लावला.

"तू काहून उकरून राहिला गा हे? सही कर अन् मोकळा हो."

त्यांची ती घाई मला खटकली. रविवारी सकाळीच काटोलची बस धरली.

आत्या अंगणात तूर निवडत बसली होती. "आत्या, लग्नाआधी तुयं नाव काय होतं?"

"वेणू. लग्नात ताटात तांदूळ पसरून शालिनी लिहिलं त्याहीनं. आता वेणू कोणी नाही म्हणत."

आमच्या कोष्ट्यांत लग्नात मुलीचं नाव बदलतात. माझ्या आईचंही बदललं होतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, आणि जिवंत बाईला मी स्वतःच्या हातानं मेलेली लिहिलं.

मृत्युपत्र वाचून दाखवलं. तिचे हात थांबले.

"बाबाच्या तेरवीले तुया काका मले म्हणे, 'तुया नावाचं काही नाही.' तवापासून मी उमरेडले पाय नाही ठेवला." मग म्हणाली, "तुया बापाले माहीत होतं?"

झेरॉक्स त्यांच्याच फाइलीत होती. मी हो म्हणालो. बापाचा एवढा राग मला त्यांच्या हयातीत कधी आला नव्हता.

सही मी केलेली नाही, करणारही नाही. काका रोज फोन करतात, मी उचलत नाही. दोन्ही नोंदी एक केल्यापासून लाल खूण आलेली नाही. ती का येत होती, ते साल कोणी पुसलं... मिलमधल्या इंजिनिअरांनाही विचारून झालं. मला अजून काहीच उलगडलेलं नाही.

त्या दिवशी निघताना आत्यानं कागद मागून घेतला. तिला वाचता येत नाही. "कुठं लिवलं हाय?" मी दाखवलं. तिनं तिथं बोट ठेवलं.

"पुन्हा वाच गा. नाव हाय तेवढंच वाच."