गालाला रेघ नसते

सॅनेटोरियममधून फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. मला नीट कळावं म्हणून सिस्टर सावकाश, सोपं जर्मन बोलत होत्या. श्रीकांत गेला... आज काही आठवडे झाले, तरी फोन वाजला की मी तो दुसऱ्या कुणाला उचलू देतो.

आम्ही एकाच बोटीनं आलो. मी स्टुटगार्टला डॉक्टरेट करायला, आणि तो तिथल्याच एका संग्रहालयात जुन्या चित्रांचे कागद दुरुस्त करायला शिकायला. चढावरच्या एका घरात आमची दोघांत एक खोली होती. हिवाळ्यात त्याच्या हाती बरोक काळातलं, तीनेकशे वर्षांपूर्वीचं, एका म्हातारीचं खडूचित्र आलं. मला मुद्दाम बघायला घेऊन गेला. "हे बघ, रेघ फक्त पापणीला आणि नाकाला. गालाला रेघच नाही. नुसता लाल खडू बोटानं घासलाय, नि बघ कसा गोल झालाय! पण सुटा आहे रे. जोरात श्वास सोडलास तर उडेल." मी तोंडावर हात धरला. त्याला तेव्हाच बारीक खोकला होता.

खोकला कुणाला कळला तर परत पाठवतील, ही एक धास्ती. म्हातारीचा गाल उडेल, ही दुसरी. एका दुपारी त्या चित्रावर वाकलेला असताना उबळ आवरेना. त्यानं मान फिरवून तोंड कोटाच्या बाहीत खुपसलं. चित्र वाचलं. बाही लाल झाली होती... क्षणभर त्याला वाटलं, खडूच लागलाय.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. ते काही बोलायच्या आधीच श्रीकांत मला मराठीत म्हणाला, "बरगड्यांच्या रेघा स्वच्छ आहेत. पण ही सावली... ही इथं नको होती."

क्षयावर औषधं होती, पण त्याला ती लागू पडली नाहीत. उन्हाळ्यात सॅनेटोरियमच्या गॅलरीत त्यानं माझं चित्र काढायला घेतलं. मी खुर्ची पार कठड्याशी नेली होती.

"राहू दे, लांबून चेहरा बरा दिसतो," तोच म्हणाला. मग विचारलं, "घाबरलायस?"

"हो."

"मीपण. हलू नकोस."

कपाळ, नाक, डोळे रेघेत उतरले. गालाला सावली द्यायला त्यानं लाल खडूचं बोट टेकवलं आणि तो दमला. "उद्या," म्हणाला.

तसंच अर्धं राहिलेलं ते चित्र सिस्टरनी मला दिलं. सुट्टीत मी ते त्याच्या आईकडे घेऊन जाणार आहे. त्यांना मुलाचा चेहरा हवा असेल, आणि कागदावर आहे माझा. श्रीकांतचा म्हणून त्यात गालावरच्या बोटाचा तेवढा लाल ठसा आहे. तो त्यांना कसा दाखवायचा, याचीच आता भीती वाटते.