मधुसरांचा उजवा गुडघा

श्री. मधुकर सकपाळ यांची पहिली ओळख झाली ती त्यांचा ओरडा खाऊनच. भोईवाड्याच्या मैदानात मी मुलांबरोबर फुटबॉल खेळत होते. कडेनं लंगडत चाललेले एक गृहस्थ थांबले आणि कडाडले, "ए पोरी, बॉलकडे काय बघत बसलीस? डिफेंडर कुठाय ते बघ आधी!" दुसऱ्या दिवसापासून ते माझे सर झाले.

ऐन उमेदीत मधुसर मुंबईतले नावाजलेले सेंटर फॉरवर्ड होते. एका कंपनीनं त्यांना खेळाडू म्हणूनच नोकरीत घेतलं होतं. एका अंतिम सामन्याआधी त्यांचा उजवा गुडघा टम्म सुजला. मॅनेजरांनी इंजेक्शन टोचायला लावून त्यांना मैदानात उतरवलं. सरांनी विजयी गोल मारला आणि त्यानंतर ते कधीच धावू शकले नाहीत. पुढच्या हंगामात कंपनीनं त्यांना गोदामात बसवलं. चषक साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्या प्रसंगाला कुणीतरी 'त्याग' म्हणणारच. मला त्या शब्दाची चीड आहे.

कारण पुढचं मी स्वतः पाहिलंय. बऱ्याच वर्षांनी त्याच कंपनीच्या महिला संघाचे सर प्रशिक्षक झाले. मी त्यांची फॉरवर्ड. उपांत्य सामन्यात माझा गुडघा पिरगळला. फायनलच्या सकाळी नवे मॅनेजर डॉक्टरांना घेऊन ड्रेसिंग रूममध्ये हजर.

"एक इंजेक्शन, सकपाळ. नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मीही हट्टाला पेटले होते. "सर, खेळते ना मी! काही होत नाही!"

सर न वाकणारा पाय बाजूला पसरून माझ्यासमोर खाली बसले. माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून काखोटीला मारले आणि वळले. "साहेब, ही खेळणार नाही. चषक पाहिजे तर तुम्ही उतरा."

"मग उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"उद्या कशाला? मॅच संपली की जातो."

आम्ही हरलो. सरांना खरंच काढलं. तपासणीत माझं लिगामेंट अर्धं तुटलेलं निघालं. खेळले असते तर उरलेलंही गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर सर रोज घोडपदेवच्या आमच्या चाळीचे जिने चढून येत, गॅलरीत माझ्याकडून व्यायाम करून घेत. मी कळवळले की म्हणत, "रड, पण पाय उचल." त्या पायानं मी पुढे कितीतरी गोल मारले.

आज सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि ज्यांनी त्यांना काढलं, तेच शाल घेऊन सत्कार समितीत मिरवताहेत! संताप आवरत नाही. लेखाबद्दल विचारायला गेले, तेव्हा सर एवढंच म्हणाले, "लिही. पण मी गुडघा दिला असं लिहू नकोस. तो त्यांनी घेतला."

तसंच लिहिलंय, सर. समितीनं यातला एक शब्दही गाळू नये.

शाल त्यांनी खुशाल पांघरवावी. पण त्यांच्यापैकी एकानं तरी सरांसमोर उभं राहून "आमचं चुकलं" म्हणावं. ते ऐकायला, ऐकून चार शब्द सुनावायला आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं मजेत जगायला सरांची प्रकृती ठणठणीत राहो.