तज्ज्ञांसाठी वाढत्या मापाचे बूट

सांगलीत, विश्रामबागेत राहणाऱ्या माणसाला बर्फावरून घसरायच्या फळ्यांची गरज नसते, हे मला मान्य आहे. आमच्याकडे बर्फ दिसतो तो उसाच्या रसात. तरीही गेल्या हिवाळ्यात मी आठ दिवस त्या फळ्यांचा, म्हणजे स्कीचा, अभ्यास करत होतो. लेक तेजूला मनालीला जाऊन स्कीइंग करायचं होतं, आणि सोबत माझे मेहुणे येणार होते.

मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, राहणार माण तालुका. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण या माणसानं मला एकदाही "दाजी, तुमचं बरोबर हाय" म्हटलेलं नाही. घराचा रंग, गाडीचा टायर, मसाल्याच्या मिरच्या, सगळीकडे माझं चुकलेलं. (त्यांच्या बहिणीशी लग्न केलं ते तरी बरोबर असावं, पण तेही त्यांनी कधी स्पष्ट म्हटलेलं नाही.) या सहलीत ते एक वाक्य त्यांच्या तोंडून काढायचंच, असं मी ठरवलं.

"सुभेदार, स्की, बूट, सगळं मी इथूनच ऑनलाइन बुक करतो," मी म्हणालो.

"कशाला? वस्तू बघितली न्हाई, हात लावला न्हाई, आन भाड्यानं घ्यायची? तितं जायचं, पाय घालून बघायचा, मग ठरवायचं."

"तिथं गर्दी असते. रांगा असतात."

"आवं दाजी, मी दोन वर्षं बर्फात काढल्यात."

शेवटी असं ठरलं, की त्यांचं सामान ते तिथे जाऊन घेणार आणि आमच्या तिघांचं मी इथून घेणार.

वेबसाइटवर एक अर्ज होता. अर्ज दिसला की मी खुलतो. कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस दुसऱ्या कशानं खुलणार? पहिला रकाना बुटाच्या मापाचा. मला आठ नंबर लागतो. मी दहा लिहिला. आमच्या वडिलांनी मला कधी पायाच्या मापाचा बूट घेतला नाही, नेहमी वाढत्या मापाचा. पुढे चिंधी कोंबायची आणि दोन वर्षं वापरायचा. साठाव्या वर्षी माझा पाय आणखी कुठवर वाढणार होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढचा रकाना वजनाचा. "माझं पंचावन्न लिहा," बायको म्हणाली. सुनंदा तिचं नाव.

"अगं, ते लग्नातलं."

"लिहा म्हटलं ना."

लिहिलं.

मग आला कौशल्याचा रकाना. नवशिके, मध्यम की तज्ज्ञ? इथे माझा हात सवयीनं चालला. ऑफिसात मी वर्षानुवर्षं लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले आणि प्रत्येकापुढे 'अत्युत्कृष्ट' लिहिलं. शिपाई टेबलाखाली झोपलेला सापडला तरी अत्युत्कृष्ट, कारण त्याच्या खालचं काही लिहिलं की खुलासे द्यावे लागतात. शिवाय नवशिक्याच्या हाती चांगला माल कोण देतो? मी तिघांच्याही नावापुढे 'तज्ज्ञ' निवडलं.

"बाबा, आपण अजून बर्फसुद्धा पाहिलेला नाही," तेजू म्हणाली.

"त्यांना कुठे माहीत आहे?"

तिनं माझ्या हातातला फोन घेतला, काहीतरी केलं आणि परत दिला. स्वतःची ओळ तिनं नीट भरली, हे मला मनालीत कळलं.

तिथे पोचल्यावर मी पावती दाखवली आणि पाच मिनिटांत सामान हातात! मी विजयी मुद्रेनं सुभेदारांकडे पाहिलं. ते शेजारच्या दुकानात एका स्कीला कान लावून तिच्यावर टिचक्या मारत होते. बर्फातली ती दोन वर्षं त्यांनी रेशनच्या स्टोअरमध्ये काढली होती, हेही मला त्याच सकाळी कळलं, तेव्हा माल पारखणं त्यांच्या अंगातच होतं. एका दुकानदारानं त्यांचा भाव पहिल्याच बोलीला मान्य केला. झालं, "ह्यात कायतरी खोट हाय" म्हणत ते पुढच्या दुकानात गेले. दुपारपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं.

इकडे माझ्या स्की माझ्यापेक्षा उंच निघाल्या. सुनंदानं तिच्या पाहिल्या, "ही तर माळ्यावर चढायची शिडी आहे" म्हणाली आणि परत करून चहा प्यायला बसली. तेजूच्या मात्र आखूड होत्या, आणि तिच्याबरोबर शिकवायला एक माणूसही आला.

"हमारा मास्तर किधर है?" मी विचारलं.

"सर, आप तो एक्सपर्ट हैं," काउंटरवरचा म्हणाला. "एक्सपर्ट लोग ऊपर जाते हैं."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण सुभेदार ऐकत होते. मी "हां, हां, ऊपर" म्हणालो आणि रोपवेच्या पाळण्यात बसून वर गेलो.

वर गेल्यावर कळलं, की दहा नंबरच्या बुटात आठ नंबरचा पाय स्वतंत्रपणे हिंडतो. मी चार पावलांत खाली बसलो. (पडलो नाही, बसलो.) भीती वाटत होती, आणि खाली सुभेदार बघत असतील याची लाज त्याहून जास्त वाटत होती. मग वडिलांचा उपाय आठवला. मफलर काढला, बुटांच्या सगळ्या पट्ट्या सोडल्या आणि मफलर पुढे कोंबण्यासाठी दोन्ही पाय बाहेर ओढले. बूट स्कीला घट्ट बसलेले होते, ते तिथेच राहिले. आडव्या स्कींनी सावकाश उताराकडे तोंड वळवलं आणि त्या निघाल्या.

मला जे जमलं नसतं ते त्यांनी माझ्यावाचून फार सुंदर केलं. तेजूच्या वर्गासमोरून जाताना तिचा मास्तर विद्यार्थ्यांना म्हणाला, "देखो, ऐसे जाना है, सीधे." तिथून त्या थेट दुकानांच्या रांगेपाशी गेल्या आणि सुभेदारांसमोर थांबल्या.

मी मागोमाग बसून घसरत खाली पोचलो. तेजू माझं चित्रीकरण करत होती, आणि सुनंदा कप हातात धरून मी तिच्या ओळखीचा नसल्यासारखी दुसरीकडे बघत होती. सुभेदारांची तोवर स्कीवर टिचकी मारून झाली होती. त्यांनी बुटात एक पाय घातला, मग दुसरा. त्यांच्या पायाचा नंबर दहाच होता.

"दाजी," ते गंभीरपणे म्हणाले, "तुमचं बरोबर हाय."

"काय?"

"आनलाईनच बरं. मी सकाळधरनं दुकानं हिंडतोय, आन तुमचा माल आपसूक पायाशी आला. मापबी लय झकास."

सत्तावीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते ऐकताना मी मोज्यांवर उभा होतो आणि दोन्ही मोज्यांत बर्फ शिरलेला होता. सांगलीला परतल्यावर वेबसाइटनं अभिप्रायाचा अर्ज पाठवला. सामान कसं होतं, माप कसं होतं, एकंदर अनुभव कसा होता? मी सगळ्या रकान्यांत लिहिलं, अत्युत्कृष्ट.