खाडीकाठचे पंचवीस फूट

मोटर फिरत होती, पाणी येत नव्हतं. गजाने पुन्हा पाइप पाण्याने भरला, मी स्विच दाबला. पंपाने दोन गुळण्या टाकल्या आणि मग नुसती घरघर.

जागा घाटमाथ्यावरची, क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम. आमचा पंपांचा कारखाना खाली, ठाणे-बेलापूर रस्त्याला, खाडीला लागून. साठीच्या दशकातली गोष्ट. नवी मुंबई अजून व्हायची होती. तिथे मिठागरं, भातशेती आणि तुरळक कारखाने. मी तिथे इंजिनिअर. हा पंप मीच निवडून दिलेला, गजाने बसवलेला. गजा म्हणजे गजानन पाटील, शिरवणे गावचा फिटर. टेंपररी होता, त्याला पर्मनंट करायचं घाटत होतं.

"फूट व्हॉल्व्ह गळतोय," मी म्हणालो. पाइपच्या तळाशी ही झडप असते. पाणी वर जाऊ देते, परत खाली येऊ देत नाही.

"गलत नाय साहेब. पाइप भरून जेवाया गेलो, आलो तं पानी तवराच."

"मग पंप ओढत का नाही?"

"तुमी इंजिनेर. मना काय इचारता?"

मी चिडून डॉक्टरांच्या खोलीत पाणी प्यायला गेलो. भिंतीवर पाऱ्याचा बॅरोमीटर होता. पारा साडेपंचवीस इंचांवर. आमच्याकडे तो तिसाच्या आसपास असतो.

"डॉक्टर, हा बिघडलाय."

"बिघडलेला नाही हो. तुम्ही साडेचार हजार फूट वर आलात."

मी ग्लास खाली ठेवला.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, ते खरं नाही. पंप फक्त पाइपातली हवा काढतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचं वजन असतं, ते पाण्याला वर ढकलतं. समुद्रसपाटीला हे वजन हिशोबाने चौतीस फूट पाणी चढवतं. गळती, घर्षण वजा जाता पंचवीस धरायचे. डोंगरावर डोक्यावरची हवाच कमी, म्हणून ढकलणंही कमी. तिथे पंचवीसचे वीस झाले होते. पाणी होतं तेवीस फुटांवर. आमच्या कॅटलॉगमधले पंचवीस फूट खाडीकाठचे होते, आणि मी ते डोळे मिटून घाटावर पाठवले होते.

आम्ही विहिरीच्या आत लोखंडी फळी ठोकून पंप सहा फूट खाली बसवला. व्हॉल्व्ह तोच ठेवला, गजानेच परत आवळला. मोटर सुरू केली आणि टाकीत पाणी धो धो पडायला लागलं. गजा हसत म्हणाला, "बगला? मी सांगलं व्हता."

परतल्यावर वर्क्स मॅनेजरनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"काय निघालं?"

खरं म्हणजे एका वाक्याचं काम होतं. पण पंप निवडणारा मी होतो, आणि माझ्या प्रमोशनचा कागद त्यांच्याच टेबलावर होता.

"फूट व्हॉल्व्ह, सर. गळत होता."

"कोणी बसवलेला?"

त्यांनी गजाकडे पाहिलं. "काय रे?"

गजाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब म्हनतान तसा."

महिनाअखेरीला त्याला कमी केलं. गेटवर तो मला भेटला, हातात डबा.

"मना वाटला, मी भायेर गेल्यावर तरी सांगशाल. माज्यासमोर लाज वाटत असंल, म्हून मी गप रायलो."

मी म्हणालो, "बघतो." बघितलं काहीच नाही. वर्क्स मॅनेजर पुढे आठ-दहा वर्षं तिथेच होते. केबिनचं दार उघडंच असायचं.

प्रमोशन मिळालं. पुढच्या कॅटलॉगमध्ये मी एक ओळ घालून घेतली: दर हजार फूट उंचीला सक्शन एक फूट कमी धरावं. त्याबद्दल माझं कौतुक झालं. गजा कोणाच्या तरी मिठागरावर लागल्याचं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. शिरवण्याला जायला कारखान्यातून सायकल पुरे होती.

नव्या पोरांना मी नेहमी सांगत आलो की गिऱ्हाइकाला विहिरीची खोली विचारा, तशी गावाची उंचीही विचारा. हे कळायला काय लागलं, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, अनुभव. माझ्या त्या अनुभवाची किंमत गजानन पाटलाने भरली, एवढं आज लिहून ठेवतो.