प्रबंध तपासणारी याडी

याडीला एक प्रश्न विचारला की ती आधी आपले दोन विचारून घ्यायची. आमच्या गटातल्या समाजशास्त्राच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?" याडी शांतपणे म्हणाली, "तुमच्या घरी कोन घेते?" मॅडम जरा अडखळल्या. "आम्ही दोघं मिळून घेतो." "हे तुमच्या सासूले माईत हाय काय?" मॅडमनी पेनाला टोपण लावलं. तो रकाना शेवटपर्यंत कोराच राहिला.

महागावच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेल्यावर तिचा तांडा. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले, पण यवतमाळच्या सवयीने सोबत "तुम्ही" लावलं. तिने मला तिथेच थांबवलं. "मायले कोनी तुमी म्हनते काय वं?" तेव्हापासून ती माझी याडी आणि "तू" झाली.

आमचं संशोधन चार विभागांनी मिळून चाललं होतं. मेकॅनिकलच्या सरांनी बिनधुराची लोखंडी चूल बनवली होती. ती वापरल्याने बायकांची छाती सुधारते का हे एक डॉक्टर तपासणार होते. घरात चुलीचं कोण ठरवतं हे मॅडम बघणार होत्या. मी कॉम्प्युटरमध्ये पीएच.डी. करत होते. चुलीच्या आत बसवायची, तापमान टिपणारी एक डबी मी तयार केली होती. त्या नोंदींवरून चूल कधी पेटली, किती वेळ चालली हे माझा प्रोग्रॅम सांगणार होता. "माणूस खोटं बोलेल, डबी बोलणार नाही," असं मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत फिरत असे.

याडीने आठवड्याभरात आमचं बारसं केलं. सर चूलवाले, मॅडम इचारवाल्या, मी डबीवाली आणि डॉक्टर फुंकवाले, कारण ते बायकांना एका नळीत जोरात फुंकायला लावत. याडीने नळी त्यांच्याच हातात परत दिली. "अगोदर तुमी फुंका. पाहू दे." बिचारे फुंकले. तिने यंत्राकडे बघून "पास" म्हटलं आणि मग स्वतः फुंकली. खोकल्याची अशी उबळ आली की सून सुनीता पाणी घेऊन धावली. डॉक्टरांनी यंत्रावरचा आकडा दोनदा वाचला.

"काय झालं, नापास?"

"थोडं कमी आलंय, याडी."

"शाळेत तं कोनी जाऊ देल्लं नाई. चला, नापास व्हाची हौस फिटली."

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत.

सहा महिन्यांनी डब्यांमधल्या नोंदी काढल्या तर आमचा आनंद पोटात मावेना. तांड्यातल्या बहुतेक चुली रोज दुपारी न चुकता तापत होत्या. याडीच्या चुलीचं तर काही विचारूच नका. तीन आठवडे, दिवसरात्र, मंद आणि अखंड ऊब. उष्णता धरून ठेवते म्हणून सर आपल्या चुलीवर खूश झाले. मंद आचेवर शिजवण्याची ही पारंपरिक पद्धत असणार, असं मॅडमनी सुचवलं. मी त्यावर प्रबंधात अकरा पानं लिहिली. आलेखासकट.

"माह्या उत्तराचं तू काय करतं?" असं विचारणारी सगळ्या तांड्यात याडी एकटीच होती. म्हणून तो आलेख छापून मी तिला दाखवायला नेला. तिने कागद मांडीवर घेतला. ही तुझी चूल, ही ऊब, हे दिवस, असं मी समजावून सांगितलं. तिचं बोट त्या सपाट रेषेवरून हळूहळू सरकत गेलं. मग ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागली आणि तिचे खांदे हलायला लागले. रेषा जिथे एकदम खाली आली होती तिथे बोट ठेवून ती म्हणाली, "इथं पिल्लं निघाली."

मला कळेना. तिने मला हाताला धरून घरामागे नेलं. सावलीत आमची बिनधुराची चूल होती. आत गवत, पिसं आणि अंड्यांची फुटकी टरफलं. खुडूक कोंबडी तिने तिथे बसवली होती. बाकीच्यांच्या चुली अंगणात पडून होत्या आणि दुपारच्या उन्हात तापत होत्या.

"याडी! मग तू बोलली का नाहीस?"

"तू इचारलं, चूल कशी हाय? मी म्हनलं, लय चांगली हाय. खोटं काय त्याच्यात? एक अंडं वाया गेलं नाई."

मी रडायच्या बेतात होते. तिने ते पाहिलं, चूल झटकून आत आणली आणि पऱ्हाटीचा भारा माझ्यापुढे टाकला. कापूस वेचून झाल्यावर उरणारी ती वाळकी झाडं, तांड्याचं सगळं सरपण तेच. "पेटव. अन् दोन भाकरी टाक."

चुलीचं तोंड एवढंसं. प्रत्येक काटकी वीतभर मोडावी लागे आणि मोडताना हात सोलून निघत. भाकरीचा तवा वर डुगडुगत होता. मी वाकून फुंकत बसले, डोळ्यांना धारा लागल्या, आणि पहिली भाकरी घसरून राखेत गेली. याडी भिंतीला टेकून हे सगळं मन लावून बघत होती. "आता लिव," ती म्हणाली.

मग सुनीताला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात बोलली. "हे चूल साऱ्या तांड्याईत वाटनार म्हनतात. कोंबड्यांसाठी असंन तं वाटा. पन पोरी, माह्या छातीचं जे व्हाचं ते झालं. हे सून अजून चांगली हाय. हिच्यासाठी नीट करून द्या."

परतीच्या एसटीत मी प्रामाणिकपणाचा विचार करत होते असं म्हणायला मला आवडेल. खरं तर मी याडीच्या नोंदी गाळल्या तर कोणाच्या लक्षात येईल याचा हिशेब करत होते. कोणाच्याच नाही. यवतमाळ येईपर्यंत मला तेच हवं होतं. पण हातावरचे ओरखडे झोंबत होते, आणि दुसऱ्या दिवशी मी मार्गदर्शकांसमोर जाऊन सगळं सांगून टाकलं. मेकॅनिकलचे सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एके सकाळी स्वतःच म्हणाले, "चल, दाखव ती कोंबडी." याडीने त्यांनाही पऱ्हाटी मोडायला बसवलं. दुपारी सरांनी खिशातली टेप काढली आणि चुलीचं तोंड केवढं हवं ते तिच्या हातांना विचारून घेतलं. प्रबंध दीड वर्ष लांबला. ती अकरा पानं मी काढली नाहीत. त्यांतली चूक काय आणि ती कशी झाली, ते त्यांच्यापुढे लिहिलं.

माझ्या तोंडी परीक्षेला याडी सुनीताला घेऊन यवतमाळला आली. घेरदार फेटिया घागरा, कांचळी चोळी, हातभर बलोयी बांगड्या. सभागृहात ती बसली तरी खळखळ ऐकू यायची. बाहेरगावचे परीक्षक शेवटी रीतीप्रमाणे म्हणाले, "कोणाला काही विचारायचं आहे?" अशा वेळी कोणी काही विचारत नसतं. याडी उभी राहिली.

"हिनं जे लिवलं, ते तुमी जाऊन पाह्यलं काय?"

परीक्षक गोंधळले. "नाही. प्रबंध वाचला."

"मंग पास कशी करता?"

सगळं सभागृह हसलं. परीक्षकही हसले, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर तांड्यावर येऊन नव्या चुलीवरची भाकरी खाऊन गेले. पेढा देताना मी याडीला विचारलं, तुला काय हवं? लुगडं वगैरे मागेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "माही सून बारावी हाय. तिले तुह्या कामात घे."

पुढच्या हिवाळ्यात याडी गेली. छातीनेच. डॉक्टरांनीच फोन करून सांगितलं.

सुनीता आता आमच्या गटात आहे. पुसदकडच्या तांड्यांवर पाहणीला जायच्या आधी मी तिला माझी नवी प्रश्नावली दिली, नुसती नजर टाक म्हणून. दोन दिवसांनी प्रश्नावली परत आली. निम्म्या प्रश्नांवर लाल पेनाने काट मारलेली होती, आणि समासात एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता : "कायले?"

हे कशाला विचारायचं, याची उत्तरं मी शोधत बसले. तीनच प्रश्नांची सापडली. उरलेला कागद फाडला आणि नवीन लिहायला घेतला.