उजेड पुसणारी लेसर

माझ्याबद्दल लोक ज्या दोन-चार बऱ्या गोष्टी सांगतात, त्यांतली एक खोटी आहे. आजवर हे दोघांनाच ठाऊक होतं — मला आणि वैजूला. मी कधी तोंड उघडलं नाही. त्यानं एकदा उघडलं होतं. त्याचं पुढे काय झालं — म्हणजे मी काय केलं — ते सांगायला बसलोय, आणि पहिल्याच परिच्छेदात घुटमळतोय.

आधी मी कसा माणूस, ते सांगतो. दिंद्रुडला शाळेत विज्ञान शिकवायचो. हारतुरे, शाली, व्यासपीठावर कुणाची खुर्ची कुणाच्या पुढे — या सगळ्याची टिंगल करावी तर मीच, अशी माझी ख्याती होती. पाहुण्यांच्या भाषणात मागच्या रांगेतून हळूच टोमणे मारायचो. लोक हसायचे. अशा माणसाला मोठेपणाचा मोह नसतो, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं.

वैजू माझा चौथीपासूनचा सोबती. घरचं किराणा दुकान भावांवर सोडून हा पाट्या रंगवायचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर रेडियमची अक्षरं चिकटवायचा. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, बाजारात रोज काहीतरी परदेशी नवल उतरत होतं. गेवराईच्या बसस्टँडवर मला एक लाल लेसर मिळाली, चावीच्या जुडग्याला लावायची. अंधारात चमकणाऱ्या रंगाची भुकटी हैदराबादहून मागवली. त्या रंगाची पाटी करायची, तिच्यावर लेसरनं लिहायचं आणि जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचं — ही कल्पना माझी. एवढं तरी खरं आहे.

भुकटी वॉर्निशच्या तळाशी बसायची. वैजूनं ती सतत ढवळत, पांढऱ्या रंगावर पातळ पातळ थर देत पाटी तयार केली. अंधारात ठेवलेल्या त्या पाटीवर मी लेसर फिरवली — काही उमटलं नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. लाल उजेडात तेवढा जोर नसतो, हे मी त्याला अर्धा तास समजावलं. मला समजावता फार छान येतं. मग बेत सोडून दिला.

चार दिवसांनी, भर दुपारी, वैजू मला शाळेतून ओढतच भावांच्या दुकानात घेऊन गेला. पाटीला ट्यूबलाइट दाखवली, शटर खाली घेतलं. पाटी हिरवीगार उजळली होती. तिच्यावरून त्यानं लेसर सावकाश नेली. लाल ठिपका जिथून गेला, तिथला उजेड विझत गेला. मागे काळी रेघ.

"ही लिहीत न्हाई बे मास्तर, ही पुसती! उजेड पुसती!"

मी म्हणालो, तुझे डोळे दिपलेत.

दिपले नव्हते. मी त्याच्या हातून लेसर घेतली आणि त्या उजेडावर काळ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं. माझं. तेव्हाच काही ठरलं होतं का? नाही म्हणवत नाही.

प्रदर्शनाला बीडला आम्ही दोघं बसनं गेलो. घोंगडीत गुंडाळलेली पाटी सगळा रस्ता त्याच्या मांडीवर. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. काळ्या कापडाच्या खोलीत पाहुणे शिरले, तेव्हा पडदा धरून तोच उभा होता. त्यांनी विचारलं, हे कसं सुचलं? मी म्हणालो, "निरीक्षणातून." कुणाच्या निरीक्षणातून, ते त्यांनी विचारलं नाही. पहिला क्रमांक आला. शाल मिळाली — मी ती घेतली, आणि घेताना मान किंचित झुकवलीसुद्धा.

परतताना तो एवढंच म्हणाला, "माझं नाव कावून घेतलं न्हाईस?" मी म्हणालो, गडबडीत राहिलं. त्यानं विश्वास ठेवला. चौथीपासूनची सवय.

इथं थांबलो असतो, तर ही चूक म्हणून खपली असती. पण शाळेनं गौरव फलकावर माझं नाव घालायचं ठरवलं — आणि रंगवायला अर्थातच वैजूला बोलावलं. ब्रश हातात घेऊन तो हेडसरांकडे गेला. "सर, ते पुसायचं मला दिसलंतं. खाली बारीक अक्षरात माझंबी नाव टाकू का?"

हेडसरांनी मला बोलावलं. एक "हो" पुरलं असतं. कुणी माझी शाल परत मागणार नव्हतं. मी काय केलं? वर्गात नापास पोराला विचारावं, त्या आवाजात विचारलं — "असं? मग लाल उजेडानं ते का विझतं, ते सांग बरं."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. मी मदतीला येईन, असं त्याला अजून वाटत असावं. मग म्हणाला, "कावून ते म्हाईत न्हाई. इझतं, एवढं म्हाईत हाय."

हेडसर हसले. म्हणाले, "पेंटर, तू आपला रंगाचं बघ."

आणि आता ते, ज्यासाठी एवढा वळसा घेतला — त्या प्रश्नाचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. हेडसरांनाही नव्हतं. ते कबूल करणारा खोलीत एकटा वैजू, आणि खोटा ठरला तोच.

त्यानं नाव त्याच दुपारी रंगवलं. व्हरांड्यात स्टुलावर चढून, एकेक अक्षर भरत. मला वाटलं होतं, मुद्दाम वाकडं काढील. त्यानं तसं केलं नाही. मी खाली उभा होतो. आडनावापाशी तो थांबला, मागे न वळता म्हणाला, "बराबर आलंय का, सर?"

मला त्यानं त्याआधी कधी सर म्हटलं नव्हतं.

मी मान तिरकी करून नीट पाहिलं, आणि म्हणालो, "थोडं ठळक कर."